आधी गोदाम मोजा, मग पॉलिसी घ्या: बडोद्यातल्या छोट्या धंद्यासाठी विम्याचा क्रम

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस बडोद्यातली विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर चढली. सयाजीगंज, फतेहगंज, अकोटा, समा, मुजमहुडा या भागांत दुकानांच्या शटरमागे पाणी उभे राहिले. मी दांडिया बाजारात बसून छोट्या दुकानदारांचे आणि कारखानदारांचे हिशेब लिहितो, त्यांच्या क्लेमच्या फायली लावून देतो. पाणी ओसरल्यावर आलेल्या फायलींत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. पॉलिसी होती, हप्ता वेळेवर भरलेला होता, नुकसानही खरे होते आणि तरी हातात पडलेली रक्कम निम्म्याच्या आसपास होती. फार थोड्या ठिकाणी त्यात कंपनीचा दोष होता. बहुतेकांनी पॉलिसी आधी घेतली होती आणि मालाची मोजणी पुरानंतर सर्व्हेअरसमोर, म्हणजे कंपनीने नुकसान मोजायला पाठवलेल्या माणसासमोर, केली होती.

खाली दिलेला क्रम त्यासाठी आहे. मकरपुरा जीआयडीसीतला, म्हणजे औद्योगिक वसाहतीतला, मजुरीवर काम करून देणारा जॉबवर्कवाला असो, मंगळ बाजारातला कपड्याचा व्यापारी असो की वाघोडिया रोडवरचा डिस्ट्रिब्युटर, क्रम हाच. यातली कुठलीही पायरी वगळून पुढे जाऊ नका.

पायरी १: वही घेऊन जागेत एक फेरी मारा

एजंटला फोन करण्याआधी हे करा. एक तास लागतो. सोबत हिशेबनीस किंवा जुना कामगार घ्या, कारण कोपऱ्यातले त्याला जास्त ठाऊक असते. फिरताना पुढच्या गोष्टी लिहून काढा.

जमिनीवर थेट काय ठेवले आहे? रस्त्यापेक्षा खाली काय आहे, म्हणजे तळघर किंवा उतारावरचे गोदाम? विजेचा मुख्य पॅनल जमिनीपासून किती उंच आहे? थिनर, रंग, केमिकल, गॅस सिलिंडर कुठे आहेत? दुसऱ्याचा माल तुमच्याकडे किती पडला आहे? आणि तुमचा माल दुसऱ्याकडे किती आहे, म्हणजे पॉलिशवाल्याकडे, शिलाईवाल्याकडे, ट्रान्सपोर्टच्या गोदामात?

मग प्रत्येक ओळीसमोर तीनपैकी एक शब्द लिहा: सुधारा, विमा, सोसू. दोन फुटांवरचा पॅनल पाच फुटांवर नेणे हे इलेक्ट्रिशियनचे काम आहे, ते विम्यावर ढकलू नका. कागदाचे गठ्ठे लाकडी फळ्यांवर चढवणेही तसेच. वर्षातून एखादा काचेचा ग्लास फुटतो तो सोसा. पण एका रात्रीत दोन महिन्यांची कमाई घालवू शकेल अशी प्रत्येक गोष्ट विम्याच्या रकान्यात गेली पाहिजे.

ज्याची खरी भीती आहे ते सोडून लोक भलत्याच गोष्टीचा विमा काढतात. काचेच्या शोकेसची वेगळी पॉलिसी घेतलेली असते आणि मागच्या खोलीतला वीस लाखांचा माल कुठल्याच कागदावर नसतो.

तपासा: या फेरीची वही तारीख घालून जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक पायरीला ती लागणार आहे.

पायरी २: मोजणी करा. सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात

विम्याची रक्कम अंदाजे सांगू नका. 'गेल्या वर्षीचीच ठेवा' असे तर कधीच म्हणू नका. चार खाती वेगवेगळी मोजा.

इमारत. जागा भाड्याची असेल तर इमारतीचा विमा मालकाचा. तुम्ही केलेले फर्निचर, पार्टिशन, वायरिंग, फॉल्स सीलिंग मात्र तुमचे. जागा स्वतःची असेल तर आज बांधायला किती लागतील ती रक्कम धरा. जमिनीची किंमत त्यात येत नाही.

यंत्रे. ताळेबंदातली घसारा वजा केलेली रक्कम लिहिणे ही सर्वांत मोठी चूक. पंधरा वर्षांपूर्वीचे लेथ पुस्तकात साठ हजारांवर आलेले असते, पण तेच जळाले तर नवे आणायला काही लाख लागतात. पॉलिसी पुनर्स्थापना मूल्यावर असेल तर त्याच क्षमतेच्या नव्या यंत्राची आजची किंमत, वाहतुकीचे भाडे आणि बसवण्याचा खर्च धरून लिहा. डीलरकडून कोटेशन मागवा आणि ते फाइलला लावा.

माल. विक्रीची किंमत धरू नका, तुम्हाला पडलेला खर्च धरा. कच्चा माल तुमच्या दारापर्यंत येण्याच्या खर्चासह, तयार माल उत्पादन खर्चाने. पण कुठल्या दिवसाचा माल धरायचा? ३१ मार्चचा नाही. वर्षातला सर्वांत भरलेला दिवस धरायचा. बडोद्यात कपडा, चनिया-चोळी, भांडी, इलेक्ट्रॉनिक्स यांची गोदामे श्रावण-भाद्रपदात नवरात्र-दिवाळीसाठी भरतात आणि नेमका तोच विश्वामित्रीचा हंगाम असतो. मार्चअखेरचा आकडा पॉलिसीवर आणि ऑगस्टचा माल गोदामात, यातूनच निम्मे क्लेम कापले जातात. साठा फार वरखाली होत असेल तर कंपनीकडे डिक्लरेशन पद्धत मागा. त्यात ठरलेल्या मुदतीने साठ्याचा आकडा कळवायचा असतो आणि वर्षअखेर हप्त्याचा हिशेब होतो. दोन-तीन गोदामांत माल फिरत असेल तर सगळ्या पत्त्यांसह फ्लोटर मागा, म्हणजे सगळ्या गोदामांना मिळून एकच रक्कम.

दुसऱ्याचा माल. मकरपुऱ्यात आणि गोरव्यात अर्ध्या गाळ्यांत गिऱ्हाइकाची कास्टिंग्ज, शाफ्ट, डाय पडलेल्या असतात. मजुरी तुमची, माल त्याचा. तुमच्या पॉलिसीवर नुसते 'स्टॉक' लिहिले असेल तर हा माल त्यात येईलच असे नाही. 'विश्वासाने ताब्यात असलेला, इतरांच्या मालकीचा माल' असा स्वतंत्र उल्लेख आणि स्वतंत्र रक्कम लिहून घ्या. जॉबवर्कची आवक-जावक चलने सांभाळा, कारण मालकी त्यांवरूनच सिद्ध होते. माझ्याकडे एका गाळ्याची फाइल आली होती. गाळ्यातला स्वतःचा माल तीन लाखांचा आणि गिऱ्हाइकांचा अठरा लाखांचा. पॉलिसी होती पाच लाखांची. त्या कारखानदाराने पुढची दोन वर्षे गिऱ्हाइकांची कामे मजुरी न घेता करून देणे फेडले.

आता कमी विमा काढला तर काय होते ते आकड्यांत पाहा. गोदामात माल ४० लाखांचा, पॉलिसी २५ लाखांची, पाण्याने नुकसान १६ लाखांचे. बहुतेकांना वाटते, १६ हे २५ पेक्षा कमी आहेत, म्हणजे सगळे मिळतील. तसे नाही. कंपनी म्हणते, ४० चा माल तुम्ही २५ चा सांगितलात, म्हणून नुकसानही त्याच प्रमाणात. १६ गुणिले २५ भागिले ४०, म्हणजे १० लाख. सहा लाख तुमचे गेले. छोट्या उद्योगांच्या नव्या पॉलिसींत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. ती ओलांडली की कात्री लागते.

जीएसटीचा मुद्दा हिशेबनीसही विसरतात. माल नष्ट झाला की त्यावर घेतलेले इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) नुसार परत करावे लागते. म्हणजे जळालेल्या किंवा भिजून वाया गेलेल्या मालावरचा कर शेवटी तुमच्याच खिशातून जातो. विम्याची रक्कम कर वगळून लिहिली असेल तर तो कर क्लेममध्ये मागायला जागा उरत नाही. म्हणून मालाची रक्कम जीएसटीसह धरा आणि पॉलिसीवर तसे लिहून घ्या. तुमच्या सीएला हे कलम दाखवा आणि दोघांनी मिळून आकडा ठरवा.

सावध: बँकेला दिलेले स्टॉक स्टेटमेंट आणि तुमची ही मोजणी जुळली पाहिजे. कर्जाची मर्यादा वाढावी म्हणून बँकेला माल फुगवून दाखवला असेल, तर सर्व्हेअर तेच स्टेटमेंट मागवतो आणि तुमच्या हातचा आकडा खोटा ठरतो. ही सवय आजच सोडा. पुरानंतर त्यावर इलाज नाही.

पायरी ३: कुठली पॉलिसी कशासाठी, ते जुळवा

१ एप्रिल २०२१ पासून छोट्या उद्योगांसाठी दोन ठरीव पॉलिसी सर्व कंपन्यांकडे मिळतात. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा', ५ ते ५० कोटींमध्ये असेल तर 'भारत लघु उद्यम सुरक्षा'. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दंगल हे यात येते. सोबत काही जोड-संरक्षणही मिळते: ढिगारा उचलण्याचा खर्च क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत, आर्किटेक्ट-सर्व्हेअर यांची फी ५ टक्क्यांपर्यंत, धंदा पुन्हा सुरू करण्याचा खर्च १ लाखापर्यंत. ते आपोआप मिळत असूनही लोक मागत नाहीत. क्लेम करताना मागा.

यात काय येत नाही ते मात्र नीट समजून घ्या.

चोरी. विम्यात येणाऱ्या घटनेमुळे, त्यानंतरच्या सात दिवसांत झालेली चोरी या पॉलिसीत आहे. एरवी कुलूप तोडून झालेली घरफोडी नाही. त्यासाठी बर्गलरी पॉलिसी वेगळी.

मोटर जळणे. शॉर्टसर्किटमुळे आग पसरली तर पसरलेल्या आगीचे नुकसान मिळते. ज्या मोटरमध्ये शॉर्ट झाला ती मोटर मिळत नाही. सीएनसी, कंप्रेसर, मोठा चिलर असेल तर मशिनरी ब्रेकडाऊन घ्या. संगणक, सर्व्हर, लॅबची यंत्रे यांसाठी इलेक्ट्रॉनिक इक्विपमेंट पॉलिसी.

बंद काळातला तोटा. माल भरून मिळाला तरी तीन महिने कारखाना बंद राहिला तर पगार, भाडे, व्याज चालूच असते. त्यासाठी नफाहानीची पॉलिसी असते, पण ती आगीच्या पॉलिसीला जोडूनच मिळते. नुकसानभरपाईचा कालावधी विचारपूर्वक ठरवा. आयात केलेले मशीन यायला सहा महिने लागत असतील तर तीन महिन्यांचा कालावधी घेऊन उपयोग नाही.

कामगार. ईएसआयच्या, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेच्या, कक्षेत असलेल्यांचे ईएसआय पाहते, पण २१ हजारांवर पगार असलेले आणि ईएसआयमध्ये नोंद न झालेली कंत्राटदाराची माणसे बाहेर राहतात. त्यांच्यासाठी कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी घ्या. कंत्राटी माणसांची संख्या आणि वेतन त्यात स्पष्ट लिहा. वेल्डिंगला आठवड्यापुरता आलेला पोरगा शेडवरून पडतो तेव्हा यादीत त्याचे नाव नसते.

घातक रसायने. नंदेसरीसारख्या ठिकाणी ठरावीक मर्यादेपलीकडे घातक पदार्थ हाताळणाऱ्यांना १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली विमा सक्तीचा आहे. इथे पर्याय नाही.

वाटेतला माल. मरीन पॉलिसी फक्त जहाजाची नसते, ट्रकच्या मालालाही तीच लागते. रोज माल पाठवत असाल तर ओपन पॉलिसी घ्या, म्हणजे प्रत्येक खेपेला वेगळी पॉलिसी लागत नाही. इथली खरी चूक माल उतरवताना होते. खोके फुटलेले आहे, कोपरा ओला आहे, नग कमी आहेत आणि आपला माणूस बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, 'माल बरोबर मिळाला' अशी सही ठोकतो. नुकसान दिसले की बिल्टीच्या ट्रान्सपोर्टरच्या प्रतीवरच शेरा लिहा, ड्रायव्हरची सही घ्या आणि फोटो काढा. दुसरे, ट्रान्सपोर्टरला लेखी नोटीस द्या. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार ती बुकिंगपासून १८० दिवसांत जायला हवी. नोटीस गेली नाही तर विमा कंपनीला ट्रान्सपोर्टरकडून वसुली करता येत नाही आणि त्याचा फटका तुमच्या क्लेमला बसतो.

पैसे ने-आण करण्याचा विमा, नोकराच्या अफरातफरीचा विमा, सायबर विमा हे धंद्याच्या स्वरूपावर ठरवा. रोख कमी आणि ऑनलाइन व्यवहार जास्त असेल तर सायबरचे कोटेशन तरी मागवून पाहा.

पायरी ४: प्रपोजल फॉर्म स्वतःच्या हाताने भरा

एजंट म्हणतो, 'काका, तुम्ही सही करा, बाकी मी भरतो.' सही करू नका. विम्याचा करार तुमच्या सांगण्यावर उभा असतो आणि फॉर्मवर जे लिहिले ते तुम्ही सांगितले असेच धरले जाते.

पत्ता पूर्ण लिहा: गाळा क्रमांक, मजला, शेजारची खूण, पिनकोड. जीएसटी नोंदणीत नसलेले गोदाम वापरत असाल तर आधी ते नोंदणीत घ्या. माल प्रत्यक्षात तरसाळीच्या गोदामात आणि पॉलिसीवर फक्त रावपुऱ्याच्या दुकानाचा पत्ता, अशा फायलीत वाचवण्यासारखे काहीच नसते.

धंद्याचे वर्णन खरे लिहा. खाली दुकान आणि वर बारा शिलाई मशिने चालत असतील तर तो फक्त व्यापार नाही, उत्पादनही आहे. हप्ता थोडा वाढेल. तो वाढू द्या.

तळघर असेल तर सांगा. उघड्यावर ठेवलेला माल सांगा. ज्वालाग्राही पदार्थ सांगा. मागच्या तीन वर्षांचे क्लेम सांगा, अगदी २०२४ चा पुराचाही. तो लपवून मिळालेली पॉलिसी पुढच्या क्लेमच्या वेळी मोडते.

तपासा: भरलेल्या फॉर्मची सहीसह प्रत किंवा स्कॅन मागून घ्या. ती मिळाल्याशिवाय हप्त्याचा चेक देऊ नका.

आणि हप्त्याबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीनुसार हप्ता हातात पडल्याशिवाय कंपनी जोखीम घेत नाही. 'उद्या चेक देतो, आजपासून चालू करा' ही भाषा इथे चालत नाही. चेक परत गेला तर पॉलिसीही गेली.

पायरी ५: पॉलिसी आली की त्याच दिवशी वाचा

सगळी छोटी अक्षरे एका बैठकीत वाचून होणार नाहीत. पहिले दोन कागद मात्र पेन घेऊन वाचा: नाव आणि जीएसटी क्रमांक, प्रत्येक जागेचा पत्ता, धंद्याचे वर्णन, इमारत-यंत्रे-माल-दुसऱ्याचा माल यांच्या वेगवेगळ्या रकमा, सुरू आणि संपण्याची तारीख-वेळ, स्वतः सोसायची रक्कम म्हणजे एक्सेस आणि शेवटी वॉरंटी व अटी. 'माल जमिनीपासून इतक्या उंचीवर ठेवावा', 'रात्री पहारेकरी असावा' अशी अट कुठे टाइप केलेली असेल तर ती पाळणे तुमच्यावर बंधनकारक आहे. जमत नसेल तर आत्ताच बदलून घ्या.

कर्ज असेल तर पॉलिसीवर बँकेचे नाव येते आणि क्लेमची रक्कम बँकेकडे जाते. त्यात गैर काही नाही. गैर हे आहे की बँकेने स्वतःहून काढलेली पॉलिसी अनेक जण कधी पाहतच नाहीत. ती बहुधा कर्जापुरती असते, मालाच्या पूर्ण किमतीची नाही; पत्ता दुकानाचा असतो, गोदामाचा नाही. आजच बँकेत जाऊन प्रत मागा.

चूक सापडली तर ईमेलने एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत लेखी बदल, मागा. 'पुढच्या वेळी बघू' असे एजंट म्हणाला तरी थांबू नका. वर्षभरात नवे मशीन आले, जागा बदलली, माल वाढला, कारखाना महिनाभराहून अधिक बंद ठेवायचा आहे, या प्रत्येक वेळीही एंडॉर्समेंट लागते.

पायरी ६: कागद जागेबाहेर ठेवा

पुरात पहिल्यांदा वहीच भिजते. खरेदीची बिले, स्टॉक रजिस्टर, मशीनची इनव्हॉइस, पॉलिसी, भाडेकरार यांची डिजिटल प्रत घरी आणि क्लाउडवर असू द्या. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप रोज रात्री जागेबाहेर गेला पाहिजे. टेबलाच्या ड्रॉवरमधला पेन ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे.

महिन्यातून एकदा मोबाइल घेऊन गोदामात सावकाश चाला आणि प्रत्येक रॅकचा व्हिडिओ काढा. मे संपताना एकदा आणि नवरात्रीचा माल भरल्यावर एकदा, या दोन वेळा तरी चुकवू नका. माल होता हे सिद्ध करायला यापेक्षा स्वस्त साधन मला ठाऊक नाही.

पायरी ७: नुकसानीचा दिवस

आधी माणसे, मग वीज, मग माल. पाण्यात पाय घालण्यापूर्वी बाहेरून वीजपुरवठा तोडून घ्या. भिजलेली मोटर किंवा गाडी 'चालते का बघू' म्हणून सुरू करू नका. त्याने वाढलेले नुकसान कंपनी देत नाही.

त्याच दिवशी कंपनीला कळवा. फोन करा आणि लगेच ईमेलही करा, क्लेम क्रमांक लिहून घ्या. एजंटला सांगितले म्हणजे कंपनीला सांगितले असे समजू नका. आग असेल तर अग्निशमन दलाचा दाखला, चोरी असेल तर एफआयआर आवश्यक.

फतेहगंजात वह्या-कागदाचे एक दुकान आहे. पाणी ओसरल्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा मालक आणि त्यांच्या सूनबाई भिंती धूत होत्या. रीम फुगून एकमेकांना चिकटलेल्या, पाव फुगावा तशा. वरच्या कागदांचा लगदा हाताला लागत होता. वास असह्य होता, म्हणून त्यांनी सगळे टेम्पोत भरून टाकून द्यायची तयारी केली होती. एका भिंतीवर चिखलाची रेघ अजून शिल्लक होती. मी पाण्याची बादली बाजूला ठेवायला लावली, मोजपट्टी धरून साडेचार फुटांवरच्या त्या रेघेचा फोटो काढला, खडूने तारीख लिहिली. पुढे सर्व्हेअरने तीच रेघ धरून खालच्या पाच कप्प्यांतला माल भिजला असे मान्य केले. धुतलेल्या तीन भिंतींसमोरच्या रॅकवर मात्र शेवटपर्यंत वाद चालला.

म्हणून: रेघ पुसण्याआधी, माल हलवण्याआधी, मोजपट्टी ठेवून फोटो. प्रत्येक खोलीचे, प्रत्येक रॅकचे, खोक्यावरच्या लेबलांचे.

मग कोरडा माल वेगळा करा, अर्धवट भिजलेला वेगळा, पूर्ण गेलेला वेगळा. नुकसान वाढू न देणे ही तुमची जबाबदारी आहे, त्यामुळे वाचणारा माल वाळवा, उंचावर हलवा. पण काहीही टाकू नका, भंगारवाल्याला विकू नका. माल कुजत असेल आणि सर्व्हेअर आला नसेल तर ईमेलने लिहा: अमुक माल आरोग्याला धोकादायक होत आहे, अमुक वेळेपर्यंत पाहून घ्यावे किंवा टाकण्यास परवानगी द्यावी. नमुना बाजूला ठेवा, वजन करून घ्या, पंचनामा करून दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या.

पायरी ८: सर्व्हेअर आणि क्लेमचा हिशेब

२०२४ च्या नियमांप्रमाणे क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमला गेला पाहिजे, त्याचा अहवाल १५ दिवसांत आणि त्यानंतर ७ दिवसांत कंपनीचा निर्णय. प्रत्यक्षात उशीर बहुधा आपल्या कागदांमुळे होतो. सर्व्हेअर नुकसान मोजायला आलेला माणूस आहे, त्याच्याशी सरळ बोला. त्याने मागितलेली यादी ईमेलवर घ्या, दिलेला प्रत्येक कागदही ईमेलने पाठवा आणि तारीख टिपून ठेवा.

हिशेब 'अंदाजे पंधरा लाख' असा देऊ नका. पुस्तकी साठ्यापासून सुरुवात करा. समजा १ एप्रिलचा साठा २२ लाख. तेव्हापासून घटनेच्या दिवसापर्यंत खरेदी ३१ लाख. विक्री ४० लाख, त्यात ढोबळ नफा २० टक्के, म्हणजे विकलेल्या मालाचा खर्च ३२ लाख. २२ आणि ३१ मिळून ५३, त्यातून ३२ गेले, शिल्लक साठा २१ लाख. मोजून कोरडा निघाला ९ लाखांचा. नुकसान १२ लाख. भिजलेल्या मालाचे भंगारात दीड लाख येणार असतील तर क्लेम साडेदहा लाख. हे सगळे आकडे कर वगळून आहेत; रक्कम जीएसटीसह विमा केली असेल तर परत केलेले क्रेडिट वेगळ्या ओळीत मागा.

याच्याखाली नगवार यादी जोडा: मालाचे नाव, संख्या, दर, कुठल्या बिलावरून. यादीची बेरीज आणि वरचा हिशेब जुळत नसेल तर पाठवण्याआधी फरक शोधा. एकही नग वाढवून लिहू नका. एक खोटी ओळ सापडली की बाकीच्या शंभर खऱ्या ओळींवरचा विश्वास जातो आणि फसवणुकीच्या कारणाने अख्खा क्लेम नाकारला जाऊ शकतो.

तपासा: बिले, जीएसटी रिटर्न, बँकेचे स्टॉक स्टेटमेंट आणि हा हिशेब एकाच टेबलावर मांडून स्वतः एकदा जुळवा.

पायरी ९: रक्कम पटली नाही तर

सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा. कुठली रक्कम कुठल्या कारणाने कापली ते त्यात असते. आधी ते वाचा, मग उत्तर द्या. कमी रकमेच्या फुल अँड फायनल व्हाउचरवर घाईत सही करू नका. मान्य नसेल तर कारणे लिहून आक्षेप नोंदवा.

पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. सोबत आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, विमा भरोसा पोर्टलवर नोंद करा, किंवा १५५२५५ वर फोन करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपाल. गुजरातसाठी कार्यालय अहमदाबादला आहे, फी नाही, वकिलाची गरज नाही. पण लोकपालाकडे एकल मालकीचे धंदे आणि सूक्ष्म उद्योगच जाऊ शकतात आणि रकमेची मर्यादा ५० लाखांची आहे. उद्यम नोंदणी असेल तर प्रमाणपत्र जोडा. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रे-साधनांतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म धरला जातो, त्यामुळे आधी 'लघु' असलेले काही जण आता यात बसतात. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे.

त्याहून मोठ्या धंद्यासाठी ग्राहक आयोग आहे. 'तुमचा व्यापारी हेतू आहे, तुम्ही ग्राहक नाही' असे उत्तर मिळाले तर घाबरू नका. नुकसान भरून निघावे म्हणून धंद्याने घेतलेला विमा हा व्यापारी हेतू नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हर्सोलिया मोटर्सच्या प्रकरणात सांगितले आहे. इथे मुदत दोन वर्षांची. नकाराचे पत्र ज्या दिवशी हातात पडेल त्याच दिवशी त्या पाकिटावर तारीख लिहा आणि पाकीटही फाइलला लावा.